शाळेच्या भिंतीवर ती

माझी पोर पहिलीत आहे, परळच्या त्याच शाळेत, जिथून मी नववीत बाहेर पडले. दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. दुपारी तिला आणायला गेले तर गेटातून बाहेर येता येताच बोलली, मम्मी, आमच्या जिन्यात एक ताई लावलीय. लावलीय म्हणजे काय गं, मी विचारलं. तर बोलली, फोटो लावलाय भिंतीला, ती खो-खो खेळते, तिच्या कोटावर इंडिया लिहिलंय, बाई बोलल्या ती आपल्याच शाळेत होती. आणि तिने नाव सांगितलं.

दप्तर मी तिच्या खांद्यावरून काढत होते, ते तसंच अर्धं राहिलं. नाव ऐकलं आणि पुलाखालून लालबागपर्यंत चालताना मला दम लागला. आणि मला दम लागत नाही, तीन मजले पाण्याचे हंडे चढवणारी बाई मी. पोरीचं मात्र चालूच. ताईची शेंडी अशी वर बांधलीय, ताईच्या गळ्यात मेडलं आहेत, मम्मी तू पण माझी शेंडी अशी बांध. घरी आल्यावर जेवायच्या आधी आरशासमोर जाऊन उभी. मी केस इतके घट्ट ओढले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग वाईट वाटलं मला, पण सैल काही केले नाहीत.

ती म्हणजे माझी मैत्रीण. एकाच चाळीत आम्ही, मी तिसऱ्या मजल्यावर, ती पहिल्या. एकाच बाकावर, आणि शाळेच्या खो-खोच्या एकाच संघात. बारा वर्षं मी तिला बघितलं नव्हतं, फक्त पेपरात दोनदा, तेसुद्धा मिरच्यांच्या पुडीला आलेल्या पेपरात.

दुसऱ्या दिवशी पोरीची पाण्याची बाटली मुद्दाम घरी ठेवली आणि ती द्यायच्या निमित्ताने आत शिरले. वॉचमनला बोलले, पाच मिनिटं. मला शाळेत शिरायची अजून भीती वाटते, कोणीतरी विचारेल तू इथे काय करतेस असं वाटतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर, आमच्या वेळी जिथे सुविचाराचा फळा होता, तिथे आता अख्खी भिंत रंगवलीय, वर सोनेरी अक्षरं, ‘आमचा अभिमान’. खाली चौकटी. एक डॉक्टर, एक जज्ज, एक टीव्हीत दिसणारा, मग आमचे खो-खोचे सर, आणि सरांच्या शेजारी ती. निळा कोट, हसतेय. खाली बारीक अक्षरांत सात ओळी. मी सगळ्या वाचल्या. माझ्याबद्दल लिहायचं झालं तर एक ओळ होईल आणि ती पण नवऱ्याच्या नावाने सुरू होईल.

एकदम खाली आमच्या संघाचा जुना फोटो होता. नऊजणी. कप तिच्या हातात, आणि कपाच्या मागे मी. माझं नाक आणि एक डोळा तेवढा आलाय. मी वाकून बराच वेळ त्या डोळ्याकडे बघत राहिले.

हेवा म्हणतात ना, तो शब्द कमी पडतो. मी मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ काढायला जाते, दिवसभर हाताची आग होते, पण खोबरेल लावलं की रात्रीपर्यंत जाते. ही आग आठवडाभर गेली नाही. कारण पळायला मी तिच्यापेक्षा चांगली होते. हे मी माझ्या मनाने बोलत नाही, सर बोलायचे. सर चुन्याच्या रेघा स्वतः मारायचे, हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे, आणि मी मैदानात उतरले की खाली बसून बोलायचे, आता ही काही लवकर बाहेर येत नाही, चहा सांगा. आणि ती? दुसऱ्या मिनिटाला बाद. खांबावर सूर मारायला गेली की गुडघे फोडून घ्यायची. मी तिच्या गुडघ्यांना हळद लावलीय, मी.

भिंत बघून आले त्याच रात्री भाकऱ्या करत होते तर पोरीने विचारलं, मम्मी, ताई तुला माहितीय? मी तव्याकडे बघूनच बोलले, माहितीय म्हणजे, मी तिच्या पुढे होते. मुंबईच्या संघाच्या निवडीच्या दिवशी तिने मला बोलवायचं होतं, तिने हाकच मारली नाही, एकटीच गेली. नाहीतर आज त्या भिंतीवर मी असते. नवरा जेवत होता, तो हसला. बोलला, भिंतीवर गेलं की हार घालावा लागतो, तू आहेस तशीच बरी. पण पोर हसली नाही. ती माझ्याकडे असं बघत राहिली जसं त्या ताईबद्दल बोलताना बघते. त्या एका नजरेसाठी मला अजून दोन भाकऱ्या जास्त कराव्याशा वाटल्या.

आणि मी बोलले ते खोटं होतं.

खरं काय ते सांगते. आमच्या सरांची एक पद्धत होती. घरी फोन करून पोरी येत नाहीत, बाप फोन उचलतो आणि नाही बोलतो, हे सरांना माहीत होतं. म्हणून ते एका पोरीला निरोप द्यायचे आणि तिने दुसरीला घरातून उचलून आणायचं. जिला निरोप दिला तिची जबाबदारी. कोणी आली नाही तर सर न आलेलीला काही बोलायचे नाहीत, हाक मारणारीला बोलायचे. तू आणली नाहीस, असं. निवडीच्या दिवशी मला आणायची जबाबदारी तिची होती. दादरच्या मैदानावर सकाळी सातला हजर राहायचं होतं, अख्ख्या मुंबईच्या मुली येणार होत्या.

मी पाचला उठले. आई स्वयंपाकाच्या कामाला निघून गेली होती. मी बूट घातले, वेणी घातली, आणि मग काय झालं काय माहीत, जिना उतरवेना. शाळेच्या मैदानात मी सरांची लाडकी होते. तिथे दादरला पहिल्याच मिनिटात बाद झाले तर? तर ते घड्याळ, तो चहा, सगळंच खोटं ठरलं असतं. मी गॅलरीच्या टोकाच्या बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि बादली पालथी घालून त्यावर बसले. खालून चौकातून तिची हाक आली. माझ्या नावाने. मग परत एकदा. मी दोन्ही हाका ऐकल्या. मला वाटलं वर येईल, दार वाजवेल, मला ओढून नेईल. ती आली नाही, उशीर होत असणार. ती गेली तेव्हा पहिलं मला हायसं वाटलं. मग रडले.

आई दहाला आली तर मी बूट घालूनच बसलेली. तिने विचारलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, तिने हाकच नाही मारली. एवढंच बोलले मी. पुढचं सगळं आईने केलं. संध्याकाळी नळावर, सगळ्या बायकांसमोर, तिच्या आईला बोलली की स्वतःची पोरगी पुढे जावी म्हणून दुसऱ्याची घरात बसवून ठेवलीत. नेमकी त्याच दिवशी तिची निवड झाली होती. सरांनी पण तिला सगळ्यांसमोर झापलं, हे मला मागाहून कळलं. मी गॅलरीतून नळावरचं भांडण ऐकत होते, खाली गेले नाही. मग दोन्ही घरांचं बोलणं बंद. हळदीकुंकवाला काकी, म्हणजे तिची आई, आमच्या मजल्यावर यायच्या बंद झाल्या. मी मैदानावर जायची थांबले, सरांना तोंड कसं दाखवणार, मग शाळेत जायची थांबले. तिला नोकरी लागली तसं त्यांनी चाळ सोडली. आई आता गावाला असते, पण टीव्हीवर खो-खो लागला की अजून फोन करून बोलते, तुझं नशीब त्या पोरीने खाल्लं. मी हं हं करते.

तर हे असं होतं, आणि तेच खोटं मी माझ्या पोरीला पण दिलं.

जानेवारीत पोरीच्या डायरीत चिठ्ठी आली. भिंतीवरच्या माणसांचा सत्कार, शनिवारी दुपारी, सर येणार, ती येणार, पालकांनी यावं. आणि फूल द्यायला माझ्या पोरीला निवडलेलं, शेंडीमुळे. बाई बोलल्या म्हणे, ही छोटी ताई. शनिवारी सकाळी मी तिच्या कपाळाला हात लावून बोलले, तुला कणकण आहे, जाऊ नको. तिने स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला आणि बोलली, नाहीये. नवरा बोलला, जाऊ दे ना, तुला कसलं टेन्शन आलंय. मी काय सांगणार त्याला.

हॉलमध्ये मी सगळ्यात मागे, खांबाच्या आडोशाला बसले. सर काठी टेकत आले. ती आली, आणि लोकांनी असे मोबाईल वर केले की मला तिची नुसती शेंडी दिसत होती. तिची आई पण होती, पुढच्या रांगेत, पांढरे केस, नवं लुगडं. त्यांना बघून मी अजूनच आत सरकले.

सर माइकवर बोलले तेव्हा मी वाट बघत होते. काय सांगू, खरंच वाट बघत होते की माझं नाव घेतील. सर बोलले, हिच्यापेक्षा चांगल्या पळणाऱ्या मुली माझ्याकडे आल्या, पण सकाळी सहाला रोज हीच आली, माझ्याआधी येऊन चुन्याची पिशवी घेऊन उभी असायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पळणाऱ्या मुली, बस, तेवढ्यात माझं झालं. मग माझी पोर फूल घेऊन गेली. माझ्या मैत्रिणीने वाकून फूल घेतलं, पोरीची शेंडी धरून हलकेच ओढली, कानात काहीतरी बोलली. पोर लाजली, आणि परत जागेवर जाताना तिने मला शोधलंसुद्धा नाही. मी हात वर करून बसले होते.

नंतर जिन्याच्या वळणावर, त्या भिंतीसमोर, चहा आणि वडे होते. मी ठरवलेलं, पोरीला उचलायचं आणि पळायचं. पण गर्दी. मी लोकांमधून वाट काढत जाते तोवर बघते तर पोर तिचं बोट धरून उभी, तिच्या दुसऱ्या हातात वड्याची कागदी प्लेट. मी हाक मारणार तेवढ्यात पोर मोठ्याने बोलली, “ताई, तू माझ्या मम्मीला हाक का नाही मारलीस?”

तिने विचारलं, तुझी मम्मी कोण गं? पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं. तिने बघितलं. बारा वर्षांनी आम्ही समोरासमोर, ती कोटात, मी दुकानातून आलेली, नखांत अजून तिखटाचा लाल रंग. आता ही बोलेल की मारली होती की हाक, पोरीच्या देखत, सरांच्या देखत, आणि मी तिथेच खलास. पळायचं तर मागे माणसं.

ती पोरीसमोर खाली बसली. “मारली होती रे बाळा. पण हळू मारली असेल. मी वर जायला पाहिजे होतं, मी गेले नाही. चुकलंच माझं.”

“मग सॉरी बोल,” पोर बोलली.

ती उठून माझ्यासमोर आली आणि बोलली, “सॉरी. खरंच. तुझा राग बरोबर आहे. मी कितीदा विचार केला, तीन जिने तर चढायचे होते.”

हे मी किती वेळा डोळ्यांसमोर आणलेलं, अंथरुणात पडून. ती मोठी झालेली, माझ्यासमोर उभी, सॉरी बोलतेय. आणि आता ती खरंच उभी होती आणि मला काही गोड लागेना. ती नाटक करत नव्हती. मी तिला तेव्हापासून ओळखते जेव्हा तिला दोन दात नव्हते, तिचा चेहरा मला कळतो. तिला मनापासून वाटत होतं की चूक तिची. एवढी मेडलं, सात ओळी, आणि वर माझी चूक पण हिनेच उचलून घ्यायची, ती पण माझ्या पोरीसमोर, आणि पोरीने अजून तिच्याकडे तसं बघायचं. मोठेपणा पण हिचाच. ते मला सहन झालं नाही. मी चांगली बाई आहे म्हणून बोलले असं कोणी समजू नका, मला सहन झालं नाही म्हणून बोलले.

“तू हाक मारलीस. दोनदा. मी ऐकली.”

तिने हातातला वडा परत प्लेटमध्ये ठेवला.

“मी बाथरूममध्ये होते,” मी बोलले, “कडी लावून. बूट घालून. मला भीती वाटली. आईला मी खोटं सांगितलं.”

“दोन्ही हाका ऐकल्यास?”

“दोन्ही.”

तिने प्लेट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. अर्धा वडा तसाच. मला वाटलं ओरडेल, नाहीतर हसून सोडून देईल, मोठी माणसं देतात तसं. तिने दोन्ही केलं नाही. तिचा चेहरा असा झाला जसा गुडघा फुटला की व्हायचा, ओठ आत. मग बोलली, “आई आत बसलीय माझी. जा आणि तिला सांग.” मी बोलले, आत्ता? तर बोलली, हो, आत्ता, हिला मी बघते. मैदानात मी तिला सांगायचे इकडे बस, तिकडे बस, ती मला कधी उलट बोलली नव्हती. आता तिने सांगितलं आणि मी चालायला लागले.

पोरीने मागून विचारलं, “मम्मी, तू घाबरलीस?” मी हो बोलले. तिने परत ताईचं बोट धरलं.

आत काकी एकट्याच बसलेल्या, मांडीवर प्लेट, वड्याचा तुकडा मोडून मोडून खात होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं, बाथरूम, बादली, दोन हाका, आईला काय सांगितलं ते, मध्ये श्वास पण घेतला नाही. त्यांना ऐकायला कमी येत असेल असं वाटून शेवटचं परत सांगितलं. काकी तोंडातला घास चावत राहिल्या. मग त्यांच्या मालवणीत बोलल्या, “तुझी आवस माका चार बायकांत काय काय बोलली, ता माका पाठ आसा.”

“मी पण वरून ऐकलेलं,” मी बोलले.

“आणि मी गप रवलंय. कित्याक? माझ्या चेडवाचाच चुकला असा वाटला म्हणान.” त्यांनी प्लेट बाजूच्या खुर्चीवर ठेवली. “त्या दिवशी तिची निवड झाली. घराक पेढे आणूचे, तर मी तिका मारलंय गो. लाटण्यान.”

मला हे माहीत नव्हतं. मी तिसऱ्या मजल्यावरून फक्त नळावरचं ऐकलेलं, पहिल्या मजल्यावर आत काय झालं ते आमच्यापर्यंत आलंच नाही, आणि ती कधी बोलली नाही. एवढ्या वर्षांत मी तिची मेडलं मोजली, तिचा कोट, तिची नोकरी, सगळं मोजलं, आणि हे त्यात नव्हतं. मी काकींच्या पायाला हात लावायला गेले, त्यांनी पाय मागे घेतले.

“माका नको,” त्या बोलल्या. “आवशीक फोन लाव. माझ्यासमोर लाव.”

मी फोन काढला. दोनदा चुकीचं दाबलं. रिंग जायला लागली. हॉलचं दार उघडं होतं, तिथून जिन्याचं वळण दिसत होतं. ती माझ्या पोरीला शिकवत होती. कोट काढून पोरीच्या पायाशी टाकलेला, पोर गुडघ्यावर बसलेली, खो-खोत बसतात तशी, एक पाय पुढे, हात जमिनीला टेकलेले, मान वर. ती मागे उभी, आणि मग तिने पोरीच्या पाठीवर तळवा मारला, मोठ्याने खो दिला, आणि पोर सुटली, वड्याच्या टेबलापर्यंत. सर काठीवर रेलून बघत होते. आमच्या सरांनी माझ्या पोरीचा पाय बघितला आणि माझ्या मैत्रिणीला काहीतरी सांगितलं, आणि ती हसली, दोघं हसली. तो तळवा मी द्यायला हवा होता. पोर माझी, तिला बसायला कसं शिकवायचं ते मला येतं, सहा वर्षं मी तिला हे शिकवलं नाही, आणि ही आली आणि पाच मिनिटांत. एवढं सगळं ऐकून पण, त्या लाटण्याचं ऐकून पण, ती हेव्याची आग परत आलीच.

आईने फोन उचलला. बोलली, काय गो, एवढ्या दुपारची? पोर बरी आहे ना? काकींनी बोटाने खूण केली. मी स्पीकर लावला.

“आई, ऐक. मध्ये बोलू नको. त्या निवडीच्या दिवशी तिने हाक मारली होती.”

तिकडे मागे कोंबड्या ओरडत होत्या. मग आई बोलली, “कोण बोलला तुला असं? तीच बोलली असणार.”

“नाही. मीच ऐकलेली. मी बाथरूममध्ये लपले होते.”

मला वाटलं फोन कट झाला, मी हॅलो हॅलो केलं. काकींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, स्वतःच्या तोंडाजवळ धरला आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली, जा, तुझ्या पोरीकडे जा. मी गेले नाही. तिथेच उभी राहिले, आणि काकी आईला जे जे बोलल्या ते सगळं ऐकलं.